आई पाण्यात उतरली

समुद्र जागचा हलतो, हे मला वयाच्या छत्तिसाव्या वर्षी खरं वाटलं. शाळेत भरती-ओहोटी पाठ केली होती, मार्कही पडले होते. पण आदल्या दिवशी आमच्या खोलीसमोरच्या नारळांपर्यंत आलेलं पाणी सकाळी तिथं नव्हतंच. नजर पोचेल तिथवर काळपट खडक, शेवाळ आणि डबकी. मी दारातच थांबले. आई मागून आली, तिनंही बघितलं आणि हळूच विचारलं, "अगं, समुद्र कुठं गेला?"

आम्ही अंदमानात नील बेटावर आलो होतो. मला नोकरीत प्रवाससवलत मिळाली होती आणि आईवडिलांना एकदा विमानात बसवायचं मनात होतं. वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस ॲक्शननंतर दोन वर्षांनी जन्मलेले, औरंगाबादच्या एका सरकारी कचेरीत कारकुनी करून निवृत्त झालेले. आई पिशोरची, शेतकऱ्याची मुलगी. लग्न होऊन उस्मानपुऱ्यातल्या दोन खोल्यांत आली ती कायमची. घरात बोलायचे ते अण्णा. आई कामापुरतं बोलायची. बेटावर उतरल्यापासून मात्र ती पाण्याकडं बघत बसायची. मोरचूद कालवल्यावानी रंग आहे, असं तिनं आपणहून दोनदा सांगितलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा ओहोटी होती. अण्णा चपला हातात घेऊन खडकांवरून आत निघाले. कुणीतरी त्यांना तिकडं तारामासे दिसतात म्हणून सांगितलं होतं. आई आणि मी झाडाखाली बसलो. ते बरेच लांब एका उंच खडकावर जाऊन बसले, आमच्याकडं पाठ करून. पाणी समोरून येईल असं त्यांना वाटलं असणार. मलाही तसंच वाटलं असतं. ते आलं बाजूनं, आणि त्यांच्या मागची सखल जागा आधी भरली. आमच्या लक्षात आलं तेव्हा त्यांच्यात आणि किनाऱ्यात हिरवं, खोल पाणी होतं. ते उभे राहून हात हलवत होते. काहीतरी गंमत बघायला बोलावताहेत, असं मला क्षणभर वाटलं. मग त्यांची हाक ऐकू आली. अण्णांना पोहता येत नव्हतं. मलाही नाही.

मी रिसॉर्टच्या व्यवस्थापकाकडं पळाले. होड्या धक्क्यावर होत्या. त्यानं फोन लावला, दहा-पंधरा मिनिटं लागतील म्हणाला. मी धावत परत आले तर आईनं साडीचा काचा मारला होता आणि होडीवाल्यांच्या बंद छपरीतली एक मोठी काळी ट्यूब ओढत ती पाण्याकडं निघाली होती.

"आई, काय करतेस?"

"तू गप ऱ्हा उभी."

ती कमरेपर्यंत चालत गेली आणि दिसेनाशी झाली. मग तिचं डोकं वर आलं. एक हात ट्यूबला, दुसरा सपासप पाणी कापतोय, पाय मागं फेस उडवताहेत. माझी आई पोहत होती. साठीची, गुडघे दुखतात म्हणून जिना चढताना थांबणारी माझी आई.

खडकावर अण्णा उतरायला तयार नव्हते, एवढं लांबून दिसलं. तिनं काय सांगितलं कोण जाणे. शेवटी त्यांच्या गळ्यातून ट्यूब काखेपर्यंत खाली ओढली आणि ती त्यांना ढकलत घेऊन आली. होडी आली तेव्हा अण्णा वाळूत बसून खोकत होते.

आई पदर पिळत होती. कुठं शिकलीस, असं मी विचारलं. मळ्यातल्या विहिरीत, म्हणाली, भावांच्या संगं, पाठीला डबा बांधून. लग्न ठरताना तिच्या वडिलांनी बजावलं होतं, की पोरगी विहिरीत उड्या मारते हे शहरातल्या माणसांना सांगायचं नाही. तिनं सांगितलं नाही. मला एकदम कॉलेजचे दिवस आठवले. मैत्रिणी पोहायला जायच्या. अण्णांनी मला नाही म्हटलं होतं, मी रडत आईकडं गेले होते, आणि ती भाकरी थापत राहिली होती.

"मग मला का नाही शिकू दिलंस?"

"मला लई वाटायचं गं," ती म्हणाली. आणि पुन्हा पदर पिळू लागली. अण्णा वाचल्याच्या आनंदापेक्षा तेव्हा मला रागच जास्त आला होता, हे लिहायला आज संकोच वाटतो.

खरा धक्का घरी परतल्यावर बसला. काका-काकू प्रवासाची हकिकत ऐकायला आले. अण्णांनी सगळं रंगवून सांगितलं. पाणी कसं चढलं, आपण कसे डोकं शांत ठेवून उभे राहिलो, आणि मग रिसॉर्टची होडी येऊन आपल्याला कशी घेऊन गेली. मी आईकडं बघितलं. ती चहा देत होती, तोंडावरची रेषही हलली नव्हती.

"अण्णा, होडी नंतर आली. तुम्हाला आईनं आणलं, पोहत."

काका हसले, त्यांना थट्टाच वाटली. अण्णांनी कप खाली ठेवला आणि आतल्या खोलीत निघून गेले. स्वयंपाकघरात आई माझ्यावर चिडली. चारचौघांत त्यांचा पाणउतारा कशाला केलास, म्हणाली. मी माझ्या घरी निघून आले.

पुढचा आठवडाभर मी तिकडं फिरकले नाही. रविवारी गेले, तेव्हा अण्णा पेपर वाचत होते आणि आई आत भाजी निवडत होती. पेपर न हलवता त्यांनी आईला विचारलं, "ती तुमची विहीर किती खोल होती?"

"उन्हाळ्यात दोन पुरुष. पावसाळ्यात काठापतूर."

"अन् उडी वरून मारायचीस?"

आई बाहेर आली आणि त्यांच्या समोरच्या खुर्चीवर बसली. त्यांच्यासमोर खुर्चीवर बसलेलं मी तिला तोवर पाहिलंच नव्हतं. ती सांगत गेली. मोटेचे बैल चालायचे त्या धावेवरून पळत येऊन उडी कशी घ्यायची, तळाची माती मुठीत आणून भावांना कशी दाखवायची. अण्णा मधे एकदाही बोलले नाहीत. तिचं सांगून झाल्यावर त्यांनी पेपराची घडी केली.

"मी लई घाबरलो होतो," ते म्हणाले. "हिनं धरलं, तरी घाबरलेलोच होतो."