नाडा बांधलेलं रॉकेट

एक्याऐंशी सालच्या हिवाळ्यात मी नववीत होते आणि मला एकाच गोष्टीनं पछाडलं होतं : गेलेलं रॉकेट परत कसं येतं? तोवरची रॉकेटं एकदा जायची आणि संपायची. आपल्या दिवाळीतल्या रॉकेटासारखीच; काडी कुणाच्या छपरावर सापडली तर सापडली. आणि आता पेपरात आलं होतं की अमेरिकेचं जे यान एप्रिलमध्ये वर जाऊन आलं, तेच पुन्हा गेलं! मी बातमी मोठ्यानं वाचली, तर बाबा म्हणाले, "जुनंच वापरून राहिले? मंग त्यात काय मोठं?"

अहो, त्यातच तर सगळं मोठं! तेच यान पुन्हा पुन्हा जायला लागलं, तर उद्या चंद्रावर जाणं म्हणजे सुट्टीत कन्हानला मामाकडे जाऊन येण्याइतकं सोपं होईल. हे मी बाबांना ऐकवलं. ते म्हणाले, "पयले गणितात पास हो."

आमच्या नंदनवन वस्तीतल्या मुलींच्या शाळेतून विज्ञान प्रदर्शनाला दरवर्षी 'समतोल आहार' नावाचा तक्ता जायचा. तोच तक्ता, तीच पालक, तीच डाळ. यंदा आपलं रॉकेट जाईल, असं मी मोठ्या बाईंना सांगून टाकलं. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका. त्यांनी अट घातली, "वर गेलं, धड खाली आलं आणि तेच पुन्हा उडालं, तर तुम्ही जाल. नाहीतर तक्ता जाईल."

मग मी आणि माझी बाकावरची मैत्रीण कामाला लागलो. खळ लावून कागदाची नळी केली, आत दिवाळीतल्या उरलेल्या रॉकेटांपैकी एक बसवलं; ते जळलं की त्याच नळीत दुसरं बसवायचं. मैत्रिणीच्या वडिलांनी इतवारीतल्या कापडाच्या दुकानातून रेशमी अस्तराचा तुकडा आणून दिला, त्याची छत्री केली. रॉकेटाच्या शेवटी जो बार होतो, त्याच्या धक्क्यानं वरची टोपी निघणार आणि छत्री बाहेर पडून उघडणार. ती टोपी किती सैल ठेवायची यावर आमची चार दिवस नुसती भांडणं झाली.

उडवायच्या दिवशी सगळी शाळा मैदानात. पूजेशिवाय नवं काही सुरू करायचं नाही, म्हणून मोठ्या बाईंनी नारळ फोडला, रॉकेटाला हळद-कुंकू वाहिलं. आमच्या मावशी, म्हणजे शाळेत घंटा देणाऱ्या आणि पाणी भरणाऱ्या बाई, पूजेचा नाडा घेऊन पुढे आल्या. नवी स्कूटर असो की विहिरीवरचा पंप, लाल-पिवळा नाडा त्याच बांधायच्या. आम्ही दोघी हात जोडून, डोळे मिटून उभ्या. स्वतःला शास्त्रज्ञ म्हणवायचं आणि ऐन वेळी डोळे मिटायचे!

रॉकेट सुंईकन कडुलिंबाच्या वर गेलं. पोरी ओरडल्या. वर बार झाला, पण छत्री काही उघडली नाही. रॉकेट टोपीच्या बाजूनं जमिनीवर आपटलं आणि नळी उभी फाटली.

"तक्ता काढा गं," मोठ्या बाई म्हणाल्या.

मी धावत जाऊन ते उचललं. टोपी आणि नळीच्या जोडावर नाड्याचे सात वेढे, वर घट्ट गाठ. माझा पाराच चढला. सगळ्यांसमोर मी ओरडले, "मावशी, हे काहून बांधलं? पुरा सत्यानाश केला तुमी!"

मावशींचं तोंड एवढंसं झालं. "वर जाऊन राहिलं होतं ना वं पोरी," त्या म्हणाल्या. "सुखरूप वापस याले पायजे, म्हून बांधला."

मी गाठ सोडवू लागले. फार वाईट वाटलं, पण माफी मागायची अक्कल त्या वयात नव्हती. मावशीच मोठ्या बाईंकडे गेल्या, 'चूक माझी' म्हणाल्या, आणि आम्हाला शनिवारी आणखी एक संधी मिळाली.

फाटलेल्या नळीला आम्ही खाकी कागद चिकटवले. मोठ्या बाई म्हणाल्या, "हे तेच का? यात ठिगळंच जास्त." मी म्हटलं, "बाई, त्या यानाच्याही अंगावरच्या काही टाइल्स पहिल्या खेपेला पडल्या. त्यांनी नव्या लावल्या, तरी ते तेच!" बाई हसून म्हणाल्या, "तू वकीलच हो." शनिवारी ते दोनदा उडालं, दोनदा धड उतरलं. मावशी मात्र लांब पाण्याच्या टाकीजवळ उभ्या होत्या, हात पाठीमागे धरून. बोलावलं तरी जवळ आल्या नाहीत.

प्रदर्शनात परीक्षकांनी आम्हाला मैदानात नेलं. छत्री इतकी सुरेख उघडली की मी नाचलेच. तेवढ्यात वारा सुटला. रॉकेट हळूहळू तरंगत भिंतीपलीकडे, रस्त्यापलीकडे, कौलांच्या मागे गेलं. संध्याकाळपर्यंत आम्ही घरोघरी विचारत हिंडलो. नाही सापडलं. कुठे उतरलं असेल, हा प्रश्न मला आजही पडतो.

दुसरा नंबर आला. सोमवारी मी प्रमाणपत्र घेऊन आधी मावशींकडे गेले. त्यांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"ते वापस आलं ना वं?"

"आलं ना, मावशी," मी म्हटलं.

त्यांनी वर पाहून हात जोडले आणि घंटा दिली.