मिसाईलचा पहारेकरी

हसणार नसाल तर सांगतो. नाहीतर राहू द्या, हसाच. आमच्या चौसाळ्याच्या गणपतीत मी असा काही घोळ घातला की अजून लोक मला बघून सलाम ठोकतात!

मी मंडळाचा अध्यक्ष. देखाव्याच्या स्पर्धेत दरवर्षी पलीकडची गल्ली पहिली यायची. यंदा मी भर बैठकीत दंड थोपटले, "मिसाईल आणतो!" आणि मोबाईलवर शोधून मागवलंही. खाली लिहिलेलं, 'गेम-रेडी मॉडेल'. रेडी म्हणजे तयार, एवढं इंग्रजी आपल्याला येतंच की!

स्पर्धेच्या दिवशी मिसाईल उतरवून घ्यायला सगळे हायवेवर. टेम्पो, हलगी, गुलाल, ओवाळायला बाया. मी भाड्याच्या फौजी वर्दीत, मिसाईलला पहारा नको? दुपार झाली तरी एक गाडी थांबेना. शेवटी मोबाईल दुकानवाल्या बळीरामनं माझा फोन हिसकावला.

"बे अध्यक्ष, मिसाईल तर कवाच आलंय!"

"कुठं हाय?"

"ह्यात हाय! गेममधलं हाय बे हे, कॉम्प्युटरवर उडवायचं."

हलगी बंद. माझं तोंड गुलालाशिवायच लाल!

पण बळीरामनं ते उघडलं आणि खरं सांगतो, मी लाज विसरलो. बोट फिरवलं की अख्खं मिसाईल वळायचं! पांढरंशुभ्र, टोकदार, शेपटाला चार पंख. जवळून अंग जरा कोपऱ्याकोपऱ्यांचं दिसायचं, पण काय तो रुबाब! आरती घेऊन आलेल्या सखूकाकूंनी तर हातच जोडले.

"अगं माय! येवढं मोठं येवढुशात मावलं कसं?"

मला आजही माहीत नाही हो!

"हेच मांडवात ठिवू," बळीराम म्हणाला.

"आन् कुनी फोन पळवला तर?"

"मंग वर्दी कावून घातली? धरून हुबा ऱ्हा!"

संध्याकाळी परीक्षक आले. फोन पुढं धरून मी ताठ. भीतीनं पापणीसुद्धा हलेना. त्यांनी मिसाईल फिरवून बघितलं, दोनदा "वा!" म्हणाले. मग नजर माझ्यावर आली.

"पण हा जवानाचा पुतळा! मिशा तर अगदी खऱ्या वाटतात. कुणी घडवला?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात बळीराम पुढं सरकला.

"म्याच घडिवला, सायेब!"

पहिला नंबर आला हो आमचा! स्टेजवर हार पडला बळीरामच्या गळ्यात. अध्यक्ष कुठं गेले म्हणून माईकवरून तीनदा पुकारा झाला.

मी जाणार कसा? मांडवात उभा होतो. विसर्जनापर्यंत हलायचं नाही, अशी मंडळाची सक्त ताकीद होती.