नानांना न दिलेली पत्रिका

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी धुळ्याला लेकीकडे होतो. भडगावला पोहोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं, आणि खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं... त्यांच्या चेहऱ्याकडे बघायची माझी हिंमत नव्हती.

नाना आमच्या गल्लीतले निवृत्त फौजी. लढाईत त्यांची पलटण नद्यांवर पूल बांधायची. तिथेच त्यांचा जोडीदार वाहून गेला, तो सापडलाच नाही. गावी परतल्यावर गिरणा नदीत कुणी बुडालं की पोलिसांच्या आधी नानांना हाक जाई. सत्तरी उलटली तरी ते पाण्यात उतरत. कशासाठी, असं एकदा विचारलं, तर म्हणाले, "मन्हा जोडीदारना घरले नुसती तार गई. मायले पोऱ्या तरी दिसाले पाहिजे."

माझ्या धाकट्या भावालाही त्यांनीच बाहेर काढलं, दोन दिवस शोधून. आईला त्याच्या तोंडावरून हात फिरवता आला तो त्यांच्यामुळे. एवढं असून गावाने मढी काढणारा माणूस म्हणून त्यांना लग्नकार्यात बोलावणं सोडलं. गावाचं नाव कशाला घेऊ, मीही त्यातलाच. लेकीच्या लग्नाच्या पत्रिका वाटायला निघालो तेव्हा बायको म्हणाली, "नानांचं राहू द्या." मी, जन्मभर विज्ञान शिकवलेला मास्तर, मुकाट्याने मान हलवली. त्यांच्या दारावरून सटकत होतो, तर ओट्यावरून हाक आली, "पोरनं लगीन शे ना, भाऊ?" हातात पत्रिकांनी भरलेली पिशवी. तरी म्हणालो, "हो नाना, धुळ्याला... घरच्या घरीच करतोय." त्यांनी पिशवीकडे पाहिलं. "बरं शे. मी तं कोठे येत नही. पोरले मन्हा आशीर्वाद सांगजो." माझी लाज त्यांनीच झाकली. तो आशीर्वाद मी लेकीला अजून सांगितलेला नाही.

मागच्या आठवड्यात त्यांच्या पत्नीला, अक्कांना भेटायला गेलो. नाना बुडालेल्यांना काढायला न्यायचे तो दोर आणि लोखंडी गळ त्यांनी खुंटीवरून काढून माझ्यापुढे धरला. "भाऊ, हाई तुम्ही लई जा. आते नदीमा कोन उतरी?" मला पोहायला नानांनीच शिकवलं होतं, हे त्यांना ठाऊक होतं. मी हात पुढे केला... आणि आठवलं, लेक बाळंतपणाला घरी येणार आहे. हात तसाच मागे आला. "नंतर नेतो, अक्का."

अक्कांनी दोर पुन्हा खुंटीला अडकवला. "तुमना नाना सांगी गयात," त्या शांतपणे म्हणाल्या, "भाऊले एकदाव इचारजो. नही लई गया तं राग धरू नको."