भुयारात हळू चालावं म्हणून

भाऊजी रागावले असते तर मला आत्ता झोप लागली असती. रागावलेला माणूस कळतो. तो भांडी आपटतो, टोमणे मारतो आणि दुसऱ्या दिवशी निवळतो. भाऊजींनी यातलं काहीच केलं नाही. जेवायला खाली आले, नेहमीच्या निम्मं जेवले, ताट विसळून पालथं घातलं आणि जाताना म्हणाले, "वहिनी, तो अर्ज आता कुठंतरी वर ठेवून द्या. उगाच टेबल अडतंय." ज्या कागदांवर त्यांनी दोन महिने कुणाला पाण्याचा पेला टेकवू दिला नव्हता, तेच कागद आज त्यांना अडचण वाटले. तेव्हापासून मनात एकच घोळतंय, की हा माणूस आता हा विषय पुन्हा काढणार नाही. आणि भाऊजींनी सोडला म्हणजे तो सुटलाच.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. लग्न केलं नाही. का केलं नाही याची घरात तीन वेगवेगळी कारणं सांगितली जातात, आणि त्यांना विचारलं तर ते तिन्हींना मान डोलावतात. आमच्या वरच्या खोलीत राहतात. तरुणपणी बॅगांच्या कारखान्यात होते. कारखाना बंद पडला तेव्हा बाकीच्यांनी पंखे नेले, खुर्च्या नेल्या. यांनी शिलाईचं एक जुनं, अवजड मशीन हातगाडीवर घालून आणलं आणि गल्लीच्या तोंडाशी, दुकानांच्या जिन्याखाली मांडलं. ते अजून तिथंच आहे. पिशव्या, दप्तरं, पर्सा, छत्र्या, जे फाटेल ते भाऊजी शिवतात. बॅगेची चेन तर अशी बसवतात की नवी लाजावी. सगळी गल्ली त्यांना चेनवाले काका म्हणते. चष्म्याची दांडी तुटलीय, ती मात्र मेणाच्या दोऱ्याने बांधून चालवलीय. म्हटलं, स्वतःचं कधी दुरुस्त करणार? तर म्हणाले, "गिऱ्हाईक फार चिकट आहे, परवडत नाही."

डॉक्टरांनी त्यांना रोज चालायला सांगितलंय. ते शनिवारी संध्याकाळी तेवढे एस.टी. स्टँडपर्यंत जाऊन येतात. बाकीचे सहा दिवस डॉक्टरांचा विसर पडलेला असतो.

त्यांचा एक नियम आहे. पर्स हातात आली की आधी ती गिऱ्हाइकाकडूनच रिकामी करून घ्यायची, आणि कशी फाटली हे विचारायचं नाही. फार वर्षांपूर्वी एकदा त्यांनी एका सुनेला सहज विचारलं होतं, आणि शेजारी सासू उभी होती. पुढं त्या घरात काय झालं ते भाऊजी सांगत नाहीत. "पर्स म्हणजे बाईची खोली असते, वहिनी," एवढंच म्हणतात. "दार दुरुस्त करायला बोलावलंय, तर दार दुरुस्त करावं आणि निघावं."

विचारत नसले तरी डोळे मिटून कुणी शिवत नाही. तुटलेल्या पट्ट्याच्या टोकाला धागे विस्कटलेले असतात. ब्लेडने कापलेल्या पट्ट्याची कड सरळ असते. गेल्या वर्षापासून सरळ कडेचे पट्टे त्यांच्याकडे फार यायला लागले, आणि आणणारी प्रत्येक जण सांगायची की खिळ्याला अडकला, बसच्या दारात सापडला, जुनाच होता. हे त्यांनी मला नावं न घेता सांगितलं, ते अर्ज करायचं मनात आल्यावर. कुठं कापले जात असतील याचा विचार करावा लागत नव्हता. स्टँडकडून आमच्याकडे यायचं तर मोठ्या रस्त्याखालचं भुयार ओलांडावं लागतं. वर गाड्या थांबत नाहीत आणि खाली माणूस थांबत नाही. दिवे आहेत, पण ते दिवसा लागतात. संध्याकाळनंतर तिथून जाणारी बाई पदर किंवा ओढणी कंबरेला खोचते आणि पळते. पळतच आपण बाहेर येतो, मग चाल सावरतो, घरी जाऊन काही घडलंच नाही असं वागतो.

नगरपालिकेने परिसर सुरक्षित करण्यासाठी नागरिकांकडून अर्ज मागवलेत, काम पटलं तर अनुदान मिळतं, हे भाऊजींना कळलं ते छत्री शिवायला आलेल्या तिथल्या एका कारकुनाकडून. त्यांची कल्पना साधी होती. भुयारात धड दिवे लावायचे आणि माणसं बसवायची. आपलं मशीन ते खाली नेणार होते. किल्ल्या बनवणारा तयार होता, फळवाली तयार होती. मधल्या रुंद जागेत संध्याकाळी कॅरमचे दोन बोर्ड ठेवायचे. जिथं कुणीतरी कायम बसलेलं असतं तिथं ब्लेड काढायला चोरालाही लाज वाटते, असं त्यांचं म्हणणं.

अर्ज लिहायला मी बसले, कारण घरात पदवीवाली मी. माझी भाषा त्यांना पसंत नव्हती. मी 'असामाजिक प्रवृत्तींना आळा' असं लिहिलं तर म्हणाले, "हे कोण? आपल्याला पाकीटमार म्हणायचंय ना?" एका रकान्यात 'अपेक्षित परिणाम' विचारला होता. मी दहा मिनिटं पेन चावलं. भाऊजी म्हणाले, "लिहा, बायका भुयारातून हळू चालतील."

मी म्हटलं, "असं नाही लिहीत हो."

"मग दुसरं काय हवंय आपल्याला?"

लिहिलं. पुढच्या रकान्यात पोलिसांकडे झालेल्या तक्रारी विचारल्या होत्या. तिथं आम्हाला लिहावं लागलं, नोंद नाही. तोच रकाना नडला. नगरपालिकेतून निरोप आला की आमच्या अधिकारी बाई पाहणीला येतील आणि लोकांशी बोलतील.

त्या आज आल्या. आणि आमच्या गल्लीने काय करावं? झाडून घेतलं. भिंतीवरचे पानाचे डाग पुसले. बंद पडलेली मोटारसायकल कुणीतरी ढकलत मागच्या बाजूला नेली. आमच्याकडे सोसायटी वगैरे काही नाही, पण एक निवृत्त गृहस्थ आहेत, सगळ्या कामांत पुढं असतात म्हणून त्यांना चेअरमन म्हणतात. त्यांनी घरातली उशीची खुर्ची आणून बाईंना बसवलं आणि सुरुवातच केली, की आमची गल्ली म्हणजे एक कुटुंब आहे, इथं दाराला कडी लावत नाही कुणी. त्यांच्या दाराला दोन कुलपं आहेत.

बाई शांत होत्या. त्यांनी बायकांना एकेक करून विचारलं. शिवणकाम करणारी म्हणाली, छे हो, इथं काय होतंय. कोपऱ्यावरच्या घरातली म्हणाली, आम्ही तर रात्री-बेरात्री येतो-जातो, कुणाची हिंमत आहे. हे सांगताना तिच्या खांद्यावर जी पर्स होती तिचा पट्टा भाऊजींनी परवाच बसवला होता, मी स्वतः मशीनवर पाहिला होता. एकीने सांगितलं म्हणून दुसरीने, दुसरीने म्हणून तिसरीने. पाहुण्यांपुढं घरचं उणं काढायचं नाही ही सवय आपल्या अंगात इतकी भिनलेली, की अनुदान द्यायला आलेल्या बाईंपुढंही आम्ही मुलगी दाखवायला बसल्यासारखे गोडगोड बोलत राहिलो.

"मग निधी कशाला हवाय?" बाईंनी विचारलं.

चेअरमन म्हणाले, "गल्लीच्या तोंडाशी एक कमान झाली असती. आणि दोन बाकडी."

मी भाऊजींकडे पाहिलं. आता बोलतील, मग बोलतील. बाईंनीच त्यांना विचारलं, अर्ज तुमचा आहे, तुम्ही सांगा. ते आपल्या चपलांकडे पाहत होते. म्हणाले, "माझ्याकडे पिशव्या येतात, बाई. पिशव्यांचं मला बाहेर बोलता येत नाही." गल्ली हसली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी एका कागदावर आपला नंबर लिहून भाऊजींच्या मशीनच्या फळीवर ठेवला. म्हणाल्या, परवा संध्याकाळपर्यंत दोघी-तिघींनी जरी स्वतः फोन करून सांगितलं, तरी मी अर्ज पुढं पाठवीन, नाव कुठं येणार नाही. नाही आला तर मला 'गरज आढळली नाही' असंच लिहावं लागेल.

जिन्यात मी भाऊजींना गाठलं आणि माझा तोल गेला. म्हटलं, सगळ्यांनी मूग गिळले ते समजलं, तुम्ही का गिळलेत? कुणाकुणाचा पट्टा कापलाय ते तुमच्याइतकं कुणाला माहीत आहे?

"मला माहीत आहे," ते म्हणाले, "पण मला सांगितलेलं नाही कुणी."

"अहो, पण त्यांच्याच भल्याचं होतं ना?"

ते दोन पायऱ्या चढून थांबले. "त्या घरी का सांगत नाहीत, बघा. सांगितलं तर भुयारात दिवा लागत नाही, वहिनी. आधी मुलीचा क्लास बंद होतो. बाईची नोकरी बंद होते. चोराचं काही बंद होत नाही. मग खिळ्याला अडकला म्हटलेलं काय वाईट?"

ते वर गेले.

संध्याकाळी कचरा टाकायला गेले तेव्हा शिवणकाम करणारी भेटली. इकडं तिकडं पाहून म्हणाली, त्या बाईंचा नंबर काकांकडे आहे का हो, बहिणीला हवाय. मला ठाऊक आहे, तिला बहीण नाही. नंबर मी तिला लगेच सांगितला. कागदावरून आधीच माझ्या फोनमध्ये उतरवून घेतला होता. तिच्या हातात फोन नव्हता, म्हणून तिने तो तीनदा पुटपुटत पाठ केला आणि पुटपुटतच घरात गेली. म्हणजे एक तरी फोन जाईल. दोघी-तिघी हव्यात.

आणि मग जेवणं झाली, भाऊजी ते टेबलाचं बोलून गेले, घर झोपलं, आणि मी इथं बसले. त्यांचं जिन्यातलं बोलणं पुन्हा पुन्हा आठवत होतं. आधी मुलीचा क्लास बंद होतो. भाऊजींना मुलगी नाही, मग हे ते कुणाच्या घरचं सांगत होते?

माझी लेक दुसऱ्या गावी नर्सिंग शिकते, वसतिगृहात राहते. शनिवारी संध्याकाळच्या बसने घरी येते. तिची निळी बॅग आहे. दोन महिन्यांपूर्वी तिच्या पट्ट्याला तपकिरी ठिगळ आलं. विचारलं तर म्हणाली, बसच्या दारात सापडला, काकांनी लावून दिला. मी त्यावरही ऐकवलं होतं की म्हणून म्हणते दिवसाउजेडी येत जा. बसच्या दारासाठीसुद्धा! त्याच्याही आधी, ती शिकायला निघाली तेव्हा, मी स्पष्ट सांगून ठेवलं होतं की जरा काही वेडंवाकडं कानावर आलं तर बाडबिस्तरा घेऊन घरी आणीन.

त्या ठिगळानंतर आठवड्याच्या आत भाऊजींनी अर्जाची गोष्ट काढली. आणि त्याच सुमारास त्यांना डॉक्टर आठवायला लागले, शनिवारचे, संध्याकाळचे, स्टँडपर्यंतचे. लेक घरात शिरते तेव्हा ते नेहमी दोन पावलं मागं असतात, हातात कोरडी छत्री. मला वाटायचं, वाटेत गाठ पडत असेल.

ती काकांना बोलली असेल की नाही, कुणास ठाऊक. नसेलच बोलली. त्यांनी कड पाहिली असेल, पट्टा शिवला असेल आणि शनिवारपासून चालायला सुरुवात केली असेल. ती हे मला सांगू शकली नाही, कारण मी काय बंद करीन हे तिला पाठ होतं. आणि आज सगळ्या गल्लीपुढं भाऊजी गप्प राहिले ते कोपऱ्यावरच्या बाईसाठी, शिवणकामवालीसाठी, आणि तिच्यासाठीही. तोंड उघडलं असतं तर त्यांचा अर्ज पुढं गेला असता. माझ्या मुलीचं शिक्षण मागं आलं असतं, असं त्यांना वाटलं असणार. मला ओळखतात ते.

खरं सांगायचं तर पहिला विचार हाच आला की तिला परवाच घेऊन यावं. तो मी दहा मिनिटं हातात धरून बसले. मग टेबलावरचे कागद ओढले. वर ठेवून दिलेले नाहीत मी ते. 'अपेक्षित परिणाम' या रकान्यात माझ्याच अक्षरात लिहिलंय, बायका भुयारातून हळू चालतील. घरी बसतील असं लिहिलेलं नाही.

लेकीची परीक्षा आहे, ती जागी असेल. तिला फोन करते. आधी 'जेवलीस का' विचारीन, ते काही सुटायचं नाही. मग निळ्या बॅगेचं विचारीन, आणि आधीच सांगून टाकीन की तुझं येणं-जाणं, तुझं शिकणं जसंच्या तसं राहील. पुढं ती जे सांगेल ते मधे न बोलता ऐकीन. शेवटी त्या बाईंचा नंबर देईन. लावायचा की नाही, ते तिचं ती बघेल.