भरलेल्या जीपचं माप

लिहायचा अधिकार मला आहे असं वाटत नाही, म्हणून आधी माफी मागतो. आमच्या घरातून कॉलेजात पोचलेला मी पहिलाच. इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष, राहायला शहरात, पुंडलिकनगरात. सांगतोय ते एका जीपच्या शाफ्टबद्दल आहे आणि त्यात माझ्या हातून फारसं काही झालेलं नाही.

वडील सोयगावच्या स्टँडवरून प्रवासी जीप चालवतात. तिथं नंबर असतात. ज्याचा नंबर, त्यानंच गाडी भरायची. सकाळचा पहिला नंबर कित्येक वर्षांपासून वडिलांचा. इंजिन जाम झालं तेव्हा बाकीचे ड्रायव्हर म्हणाले, "बाजाराच्या दिवसापर्यंत थांबू. त्या सकाळी गाडी उभी नसली तर नंबर दुसऱ्याला."

जीप टोचन लावून ओढत वाळूजजवळच्या, वडिलांच्या ओळखीच्या गॅरेजात आणली. दुसऱ्या गाडीचं जुनं इंजिन मिळालं, पण त्याचा गिअरबॉक्स लांब निघाला. गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांपर्यंत जाणारा जुना शाफ्ट त्यात बसेना. मिस्त्रीनं माप घेऊन लेथवाल्याकडून नवा बनवून घेतला. टेपचं एक टोक माझ्या हातात होतं.

बाजाराच्या आदल्या दिवशी शाफ्ट बसला. मिस्त्रीनं चक्कर मारून आणली. "मख्खन! ले जाव दादा."

वडील जागचे हलले नाहीत. "रिकामी चालली त्याचं काय घेऊन बसला? माझी गाडी रिकामी असती का कधी?"

समोर कंपनीच्या बसची वाट बघत कामगार उभे होते. वडिलांनी त्यांना स्टँडवरच्यासारखीच हाक मारली, "चला, चला, बसा! सरका पुढं, अजून दोन बसतेत!" माणसं हसत हसत येऊन बसली. मागं दोघं लटकलेही.

"कुठं सोडता, मामा?" एकानं विचारलं.

"कुठंच नाय. इथंच उतरायचं."

जीप दबली. वडिलांनी ती तशीच रस्त्याला घेतली. नाक्याच्या वळणाआधीच खालून धाडधाड आवाज आला. मिस्त्री खाली शिरला. ओझ्यानं मागचे स्प्रिंगचे पाटे सपाट झाले होते आणि शाफ्टचा आत-बाहेर सरकणारा भाग पार आत जाऊन टेकला होता. पुढं सरकायला जागाच नव्हती. माप रिकाम्या गाडीचं घेतलं होतं. शाफ्ट कापून पुन्हा जोडायला लागणार होता.

लेथवाल्याकडं गेलो तर लाईट नव्हती. दुपारभर आली नाही. वडील त्याच्या पायरीवर बसून होते. मी लाईनमनला फोन लावत राहिलो, कुणी उचलला नाही.

"तुमच्या पुस्तकात असतं का रे हे?" वडिलांनी विचारलं. टोमणा नव्हता, खरंच विचारत होते.

"असतं, अण्णा. पण किती वजन बसणार ते गणितात आधीच दिलेलं असतं."

"मग बरंय तुमचं," ते म्हणाले आणि वर तारांकडं बघत राहिले.

अंधार पडता पडता लाईट आली. कापणं, वेल्डिंग, बॅलन्स, सगळं होऊन शाफ्ट बसेपर्यंत बाजाराचा दिवस उजाडला होता. मिस्त्रीनं पुन्हा माणसं बसवून माप बघितलं. या वेळी मोकळी जागा राहिली. तरी सोयगाव लांब, मधे घाट होता आणि जोड ताजा होता. वडील चहा न घेताच निघाले. मी सोबत येतो म्हणालो, तर म्हणाले, "तू येऊन काय करशील? कॉलेजला जा."

कॉलेजला गेलो. वर्गात बेंचखाली फोन लावत होतो, तर वडिलांचा लागत नव्हता. फळ्यावर काय चाललं होतं ते आज आठवत नाही.

दुपारी आईचाच फोन आला.

"आले तुझे अण्णा. गाडी लई ब्येस हाय म्हणले, आवाज नाय, काय नाय. खच्चून भरून एक खेप बी मारली."

"आणि नंबर?"



"तो सकाळीच दुसऱ्याला देऊन टाकला रे त्या ड्रायव्हर लोकायनी. आता सगळ्यायच्या मागं लावायची गाडी."