सातव्या फेरीतला आयझॅक

चँडलरमधली माझी पहिली सकाळ पाच वाजताच उजाडली. झोपेचं घड्याळ अजून कराडचंच होतं. लेक मेधा झोपली होती, म्हणून मी चहाचा कप घेऊन दारात उभी राहिले, तर समोरच्या रस्त्यावरून एक उंच, रुंद खांद्यांचा तरुण कंबरेला दोर बांधून मोटारीचं टायर ओढत पळत येत होता. ॲरिझोनात जून महिन्यात ऊन वर आलं की डांबर चटके देतं, म्हणून त्यानं ही वेळ निवडली असावी. मला पाहून तो थांबला नाही. मान लववून "गुड मॉर्निंग, मॅम" एवढंच म्हणाला. तो परत येताना मी नकळत त्याची पावलं पाहू लागले. मुलींच्या शाळेत मी सत्तावीस वर्षं खो-खो शिकवला. निवृत्त झाले तरी डोळ्यांची सवय गेलेली नाही. टायर जड होतं, तरी पोराची टाच जमिनीला लागत नव्हती.

"तो आयझॅक. शेजारच्या लोरेटाचा मुलगा," मेधानं नाश्त्याला सांगितलं. "ड्राफ्ट झालाय, पण सेव्हन्थ राउंडमध्ये. टिकणं कठीण आहे, आई."

मग तिनं मला सगळं समजावलं. अमेरिकेतला फुटबॉल म्हणजे लांबुळका चेंडू हातात धरून पळण्याचा आणि पळणाऱ्याला आडवं पाडण्याचा खेळ. दर वसंतात तिथं ड्राफ्ट (व्यावसायिक संघांनी कॉलेजच्या खेळाडूंची पाळीपाळीनं केलेली निवड) होतो. त्याच्या सात फेऱ्या. पहिल्या फेरीतल्या मुलांचे फोटो दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात येतात. सातव्या फेरीतल्याला मिळते ती फक्त उन्हाळी शिबिराला येऊन दाखवण्याची संधी. शिबिरात ऐंशीजण घेतात आणि सप्टेंबरच्या तोंडाशी त्रेपन्न ठेवतात.

लोरेटा शाळेची बस चालवायची. सुट्टी असल्यामुळे ती घरी होती आणि दोन घरांमधल्या भिंतीवरून आमची लवकरच दोस्ती झाली. माझं इंग्रजी हळू, तिचं बोलणं भरभर. तरी अडलं नाही. ड्राफ्टच्या दिवशी सकाळपासून नातेवाईक टीव्हीसमोर बसले होते, दुपारनंतर एकेकजण काहीतरी निमित्त सांगून निघून गेला, असं तिनं सांगितलं. संध्याकाळी फोन आला तेव्हा आयझॅक अंगणात तिची गाडी धूत होता. ओल्या हातानंच त्यानं फोन घेतला आणि बोलणं संपल्यावर पुन्हा गाडी धुवायला गेला. "अर्धी राहिली होती ना," ती हसत म्हणाली.

प्रशिक्षकांनी त्याला पाच-सहा पौंड वजन वाढवायला सांगितलं होतं. हे कळल्यावर मला कामच मिळालं. मी शेंगदाण्याचे लाडू वळले. गूळ फिनिक्सच्या भारतीय दुकानातून मेधानं आणून दिला. आयझॅकनं पहिला लाडू संशयानं खाल्ला आणि डबा परत आला तो रिकामा, धुतलेला. त्यानंतर तो रोज सकाळी पळून झाल्यावर दारात थांबायचा. मी खो-खो शिकवत असे हे कळल्यापासून मायलेक दोघंही मला 'कोच' म्हणायला लागले.

ऑगस्टमध्ये शिबिर सुरू झालं. ते उत्तरेला डोंगरावर, फ्लॅगस्टाफला होतं आणि सराव कुणालाही फुकट पाहता येत होता. एका शनिवारी मेधा, लोरेटा आणि मी निघालो. फिनिक्स मागे पडलं आणि दोन्ही बाजूंना सग्वारो (माणसाच्या तिप्पट-चौपट उंचीचे, हात वर केल्यासारखे दिसणारे निवडुंग) सुरू झाले. पुढे मोठा चढ लागला. चढावर गाडीचा एसी बंद करा, असे फलक रस्त्यालगत होते. मेधानं ते वाचले आणि एसी चालूच ठेवला, कारण बाहेर बेचाळीस अंश होतं. अर्ध्या चढावर इंजिन तापल्याचा लाल दिवा लागला.

मेधा घाबरली. लोरेटानं मागच्या सीटवरून शांतपणे सांगितलं, की काचा खाली कर आणि हीटर पूर्ण सोड. इंजिनातली उष्णता गाडीत ओढून घ्यायची. त्या उन्हात हीटर लावून आम्ही तिघी घामानं निथळत, हसत, तासाला वीस मैलांच्या वेगानं माथ्यावर पोचलो. विश्रांतीच्या जागी लोरेटानं बॉनेटवर हात ठेवून पाहिला, अर्धा तास थांबायला लावलं आणि बर्फाच्या डब्यातून तिनं केलेली बटाट्याची कोशिंबीर काढली. मोहरी, उकडलेली अंडी आणि लोणच्याच्या काकडीचे तुकडे. मी अंडी बाजूला काढली आणि उरलेलं दोनदा घेतलं.

त्यानंतर वाळवंट संपलं. उंच पाइनची झाडं आली, हवा थंड झाली, राळेचा वास यायला लागला. एकाच दिवसात उन्हाळ्यातून हिवाळ्यात आल्यासारखं वाटून मी पदर अंगाभोवती घेतला.

मैदानालगतच्या गवताच्या उतारावर लोक घडीच्या खुर्च्या टाकून बसले होते. आमच्या शेजारी उन्हाची टोपी घातलेले एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांच्या मांडीवर खेळाडूंची यादी होती आणि हातात पेन्सिल. पंधरा वर्षं ते न चुकता येत होते. मी त्यांना आयझॅकचा नंबर दाखवून त्याचं कसं होईल ते विचारलं. त्यांनी यादी पाहिली.

"सातवी फेरी. ऑगस्टमध्ये येतात, ऑगस्टमध्येच जातात. नंबर पाठ करू नका," ते म्हणाले.

"मी त्याची आई," लोरेटा म्हणाली.

त्यांनी टोपी काढली. मग त्यांनी आपली खुर्ची सरकवून आम्हाला पुढे जागा दिली, सूर्यफुलाच्या बियांची पिशवी लोरेटापुढे धरली आणि खरी गोष्ट सांगितली. अशा मुलाची त्याच्या नेहमीच्या जागेवर खेळण्यासाठी निवड होत नाही. तिथं आधीचे मोठे खेळाडू असतात. किकऑफला (चेंडू लांब लाथाडून खेळ सुरू करताना) पूर्ण वेगानं धावत जाऊन समोरच्याला पाडण्याचं काम मोठे खेळाडू करत नाहीत. ते जो नीट करेल, तो राहील. जागा दोन आणि मुलं पाच.

मग आम्ही तेवढंच पाहिलं. चेंडू उडायचा आणि आयझॅक साठ यार्ड सुसाट धावायचा. पहिल्यांदा त्याला एकानं असं उडवलं, की मेधानं डोळे मिटले. दुसऱ्यांदा तो चुकला. तिसऱ्यांदा पुन्हा पडला. माझं लक्ष मात्र पडल्यानंतर होतं. तो उठून रांगेत सर्वांच्या आधी जाऊन उभा राहत होता. चौथ्या वेळी त्यानं चेंडूवाल्याला कमरेत धरून खाली घेतलं. म्हाताऱ्यांनी त्याच्या नावापुढे पेन्सिलीनं एक बारीक टिंब केलं.

सराव संपल्यावर आयझॅक वाहनतळावर आम्हाला भेटला. बोटांची सालटं निघाली होती. दोन लाडू खाल्ल्यावर तो म्हणाला, "कोच, निवडीतून वगळायच्या मुलींना तुम्ही काय सांगायचात?"

मी म्हणाले, की संघात बारा, खेळणाऱ्या नऊ. उरलेल्या तिघींना मी सांगायचे, अंग गार पडू देऊ नका. कुणाचा पाय कधी मुरगळेल सांगता येत नाही.

तो हसला. "मी फक्त पुढच्या किकचा विचार करतो. सप्टेंबरचा विचार केला की पाय जड होतात."

अंतिम यादीच्या शनिवारी लोरेटानं मला सोबतीला बोलावलं. फोन आला नाही तर मुलगा राहिला, असा हिशेब होता. ती पालेभाजी निवडत होती, मी तिच्यासाठी कणीक मळत होते. अकराला फोन वाजला. तिनं ऐकलं, "बरं, बाळा" म्हणाली आणि ठेवला. संघानं त्याला डावांची वही परत करायला बोलावलं होतं, म्हणजे त्याला वगळलं होतं. ती रडली नाही. तिनं ती सगळी भाजी पुन्हा एकदा धुतली. मी पोळ्या लाटत राहिले. मायलेकांनी संध्याकाळी त्या खाल्ल्या. आयझॅक म्हणाला, की बिल्डिंग मटेरियलच्या दुकानात काम मिळेल बहुतेक. आवाजात कडवटपणा नव्हता, पण जेवला कमी.

दुसऱ्या दिवशी दुपारी भिंतीपलीकडून 'कोच, कोच' असा पुकारा झाला. लोरेटा चर्चच्या टोपीत, हातात बूट घेऊन पळत येत होती. दुसऱ्या कुठल्या संघानं आयझॅकला घेतलं नव्हतं, पण याच संघानं त्याला प्रॅक्टिस स्क्वाडमध्ये (सराव करणाऱ्या, सामन्याबाहेरच्या आठजणांत) ठेवून घेतलं होतं. "संघाच्या खोलीत त्याला कपाट मिळालं, कोच. त्याच्यावर त्याचं नाव आहे," ती सांगत होती. मीही अनवाणीच बाहेर आले होते. तापलेल्या फरशीवर आम्ही दोघी साठीच्या बायका एकमेकींना धरून नाचत होतो. त्यातलं आनंदानं किती आणि चटक्यांनी किती, ते सांगता येणार नाही.

पंधरवड्यानं मी परतले. कराडला भेटेल तो विचारायचा, ग्रँड कॅन्यन पाहिलं का. मी तिथून दीड तासावर फ्लॅगस्टाफपर्यंत गेले आणि पुढे गेले नाही, हे ऐकून लोकांना हळहळ वाटायची. मला वाटली नाही. आयुष्यभर मी यादी लिहिणाऱ्यांच्या बाजूला बसले होते. नाव आहे की नाही याची वाट पाहणाऱ्या घरात मी त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा बसले. आधी बसले असते, तर कितीतरी मुलींच्या घरी याद्या लागण्याआधी स्वतः जाऊन आले असते.

नोव्हेंबरातल्या एका सोमवारी सकाळी मेधाचा फोन आला. तिकडे अजून रविवारची संध्याकाळ होती. एक खेळाडू जखमी झाल्यामुळे आयझॅकला त्या आठवड्यात मुख्य संघात घेतलं होतं. मग लोरेटानंच फोन हातात घेतला. सामन्याच्या उत्तरार्धातला किकऑफ, डावीकडून तो धावत आला, एकाला चुकवलं आणि चेंडूवाल्याला जागच्या जागी पाडलं.

"टीव्हीवर नाव सांगितलं का?" मी विचारलं.

"सांगितलं," ती म्हणाली. "आडनाव चुकीचं उच्चारलं. पण कोच, सांगितलं."