कोबी बाजूला काढलेली प्लेट

भूतबित, बाहेरचं लागणं, अंगात येणं... या भानगडीत मी कधीच पडलो नाही. वडवणीत माझं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे. फोन पाण्यात पडला तर बंद पडतो, त्यात कुणी शिरत नाही – इतकी माझी अक्कल सरळ. आणि मी तापट आहे. डोकं फिरलं की आधी हात चालतो, विचार नंतर येतो. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढं जे झालं त्यात या स्वभावाचा वाटा मोठा आहे.

आमच्या बस स्टँडसमोर एक कॉफी शॉप आहे. नावालाच कॉफी. पाटीवर वाफाळता कप काढलाय, पण तिथं कॉफी मागणारी माणसं मी बोटावर मोजण्याइतकी पाहिली. सगळे जातात ते लक्ष्मणमामाच्या नूडल्ससाठी. हक्का, शेजवान, ट्रिपल... मामा पुण्यात चायनीजच्या गाडीवर शिकून आलेला. मामी सकाळीच कोबी, गाजर, सिमला मिरची चिरून एकाच टपात कालवून ठेवते आणि मामा त्यातलं मूठभर उचलून कढईत टाकतो. नेहमीच्या गिऱ्हाइकाला मामा ऑर्डर विचारत नाही. आत गॅसपाशी उभ्या उभ्या बाहेर थांबलेली गाडी आवाजावरून ओळखतो, आणि माणूस खुर्चीत टेकेपर्यंत त्याची प्लेट अर्धी तयार झालेली असते.

नाम्या माझा शाळेपासूनचा जिवलग. मेंढरं राखणारं घर. त्याच्या गाडीचा सायलेन्सर फुटका, चौकातून आवाज यायचा. शेजवान नूडल्सवर भयंकर जीव, पण कोबीचं वावडं. गडी डावखुरा. डाव्या हातानं एकेक तुकडा वेचून प्लेटच्या डाव्या कडेला ढीग लावायचा.

"मामा, आमची मेंढरं बी इतका पाला खात न्हाईत," तो ओरडायचा.

"मग त्यायलाच घिऊन ये की," मामा आतून म्हणायचा. "तुह्यापरीस गुमान खातील."

खाऊन झालं की नाम्या टिश्यू पेपरचा गोळा करून पाण्याच्या ग्लासात टाकायचा. मामी रोज शिव्या द्यायची, हा रोज हसायचा.

नाम्याची मेंढरं एकदा गावातल्याच पिंट्याच्या हरभऱ्यात शिरली. पिंट्यानं नाम्याच्या म्हाताऱ्या बापाला काठीनं फोडून काढलं. मग नाम्यानं भर आठवडी बाजारात पिंट्याच्या कानाखाली जाळ काढला. चौथ्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास, आम्ही खिडकीजवळच्या टेबलावर खात बसलो होतो. पिंट्या आणि त्याच्यासोबतचे दोघं आत आले. हातात ऊस तोडायचे कोयते.

पहिला वार नाम्यानं डाव्या हातावर घेतला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तुटून टेबलावर पडलं. दुसरा वार खांद्यावर, तिसरा मानेवर. तो ओरडला नाही, नुसता "सोप्या..." म्हणाला. म्हणजे मी. आणि सोप्या कुठं होता? टेबलाखाली. तापट सोप्या, हात चालणारा सोप्या, टेबलाखाली गुडघे पोटाशी घेऊन. मला फक्त पाय दिसत होते आणि रक्त माझ्याकडं येताना दिसत होतं. मामा आतून उकळत्या तेलाची कढई घेऊन धावला आणि त्यांच्या अंगावर फेकली, तेव्हा ते पळाले. मामानं खांद्यावरचा टॉवेल नाम्याच्या मानेवर दाबून धरला. अॅम्ब्युलन्स यायच्या आत टॉवेल पिळण्यासारखा झाला होता... नाम्या गेला होता.

पोलिसांना मी सांगितलं – "मी बेसिनपाशी हात धुवायला गेलतो. पाठ होती. काईच पाहिलं न्हाई."

भीतीनं सांगितलं. दुसरं काही कारण नव्हतं.

मामानं जबाब दिला, तरी सात महिन्यांनी पिंट्याला जामीन मिळाला. तो स्टँडवर उभा राहून उसाचा रस प्यायचा आणि मी दुकानातून बघायचो. माझी लाज हळूहळू रागात बदलली. एक दिवस कळलं की तो कोर्टाच्या तारखेला बीडला गेलाय आणि दुपारी दीडच्या एसटीनं परत येतोय. मी कोयता पोत्यात गुंडाळला. नाम्याची गाडी त्याच्या बापानं मला वापरायला दिली होती, तीच काढली. त्याच्याच गाडीवर जाऊन त्याचा हिशेब मिटवायचा, असं डोक्यात होतं. कॉफी शॉपच्या खिडकीतून स्टँड समोर दिसतो, म्हणून तिथंच बसायचं ठरवलं. नाम्या गेल्यानंतर पहिल्यांदा पायरी चढलो. सव्वा वाजला होता. आत कुणीही नव्हतं.

पोतं पायाशी ठेवून मी त्याच टेबलाशी बसलो. मामा दोन प्लेटा घेऊन बाहेर आला. खाली मान घालून, सवयीनं, एक माझ्यासमोर ठेवली आणि एक समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढं. मग त्यानं वर बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"गाडीचा आवाज आला बाबा..." तो प्लेट उचलायला वाकला. "हात आपसूक चालला. नेतो माघारी."

"राहू दे," मी म्हणालो.

मामा डोळे पुसत आत गेला. माझे हात घामानं चिकट झाले होते, म्हणून मी बेसिनपाशी गेलो. चार पावलं. तोंडावर पाणी मारलं, हात धुतले. पाठ टेबलाकडं होती. यावेळी खरंच.

वळलो तर समोरची प्लेट संपलेली.

माझी प्लेट तशीच भरलेली. समोरचीत नूडल्सचा एक धागा नाही. डाव्या कडेला कोबीचा ढीग, त्यातून वाफ निघत होती. ग्लासात टिश्यूचा गोळा तरंगत होता.

माझं डोकं फिरलं. मला वाटलं, हा मामाच चेष्टा करतोय, माझ्या भ्याडपणाची. मी आत घुसलो. मामाची कॉलर धरून त्याला फरफटत टेबलापर्यंत आणला आणि त्याचं तोंड टेबलाच्या कडेवर आदळलं. "कोणी खाल्लं बे? सांग!" पुन्हा आदळलं. दात तुटून खाली पडला. तो नुसता हात जोडत होता. मी त्याच्या पोटात लाथ घातली, तो कोसळला, तरी मी थांबलो नाही. मामी कोबी चिरायची सुरी घेऊन धावत आली आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"सोपान, सोड त्यायला! कावून मारतो रे, काय केलं त्यायनी?"

मी पोत्यातून कोयता काढला आणि मामावर उगारला. खरं सांगतो, मी तो मारणार होतो. ज्या माणसानं नाम्याच्या मानेवर टॉवेल दाबून धरला, त्याच्या मानेवर.

आणि मागून कुणीतरी माझं मनगट धरलं.

असं धरलं की हाडापर्यंत कळ गेली. मी हिसका दिला, सुटलं नाही. बोटं बधिर झाली आणि कोयता फरशीवर पडला. मागं वळलो. मागं खिडकी होती, बंद. मामी माझ्यासमोर, मामा खाली. चौथं कुणी नाही.

खिडकीच्या काचेतून एसटी उभी दिसत होती. पिंट्या उतरला, पिशवी खांद्याला लावून माझ्यापासून पंधरा पावलांवरून निघून गेला. मी बघत राहिलो. उजवा हात उचलला जातच नव्हता.

मामा कसाबसा उठला. तोंडातून रक्त गळत होतं, तरी कोल्ड कॉफीच्या फ्रीजमधून बर्फ काढून त्यानं आधी माझ्या मनगटाला लावला. मी त्याच्या पायांवर डोकं ठेवून हंबरडा फोडला. मामी माझा हात फिरवून बघत होती.

"आंगठा... अन् दोनच बोटं," ती म्हणाली आणि हात सोडून मागं सरली.

दुसऱ्या दिवशी मी पोलीस ठाण्यात गेलो. बेसिनपाशी नव्हतो, टेबलाखाली होतो, आणि सगळे पाय ओळखतो, असं लिहून दिलं. खाली सही केली. मामानं माझ्याविरुद्ध तक्रार केली नाही. तो हसला की पुढच्या दाताची जागा दिसते आणि मी मान खाली घालतो.

प्लेटचं मी समजून घेऊ शकतो. भान सुटलं असेल, मीच खाल्ली असेल... पण मी उजव्या हातानं खातो, आणि कोबी मला आवडतो. मनगटाचे वळ बारा दिवस राहिले. डॉक्टर म्हणाले, नस दबली असेल. असेल. मी ते वळ रोज मोजायचो, एक अंगठा, दोन बोटं. तसा हात असलेला माणूस माझ्या ओळखीत एकच होता, आणि त्याला मी खांदा दिला होता.